आईची धाव आणि घरचा कारभार

गेल्या वीस-बावीस वर्षांत महाराष्ट्रातील शहरांच्या पहाटेत जे फरक पडले, त्यांतला एक दिसावयास लहान, परंतु समाजस्थितीच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये असा आहे. तो म्हणजे मुलेबाळे असलेल्या, घर चालवणाऱ्या, तिशी-चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांची मैदानांवर आणि रस्त्यांवर वाढलेली वर्दळ. २००४ साली मुंबईत सुरू झालेल्या मॅरेथॉनने धावण्याला शहरी प्रतिष्ठा दिली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन तिच्याही आधीची, १९८३ पासूनची. साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटाने कासच्या दिशेला चढत जाणारी अर्धमॅरेथॉन २०१२ पासून भरू लागली, आणि त्याच वर्षी मिलिंद सोमण व रीमा संघवी यांनी केवळ स्त्रियांसाठी पिंकॅथॉन सुरू केली. ज्या स्त्रीने शाळा सुटल्यानंतर बस पकडण्याखेरीज कधी धाव घेतली नव्हती, ती आता छातीवर क्रमांक लावून सार्वजनिक रस्त्याने धावते, आणि तिला पाहण्यास तिची मुले रस्त्याच्या कडेला उभी असतात.

परंतु नोंदणीच्या गर्दीवरून या हालचालीचे बळ मोजू नये. जानेवारीत मोठ्या हौसेने बूट घेणारी, फेब्रुवारीत पाच किलोमीटर पुरे करून दाखवणारी आणि मार्चमध्ये मुलांच्या वार्षिक परीक्षा जवळ येताच दिसेनाशी होणारी आई प्रत्येक गावच्या मैदानाच्या ओळखीची आहे. तिच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्याचा एकंदर सूर असा की तिची जिद्द कमी पडली. सबब तिला स्फूर्ती द्यावी, सुविचार ऐकवावेत, विजयी मातांची चरित्रे तिच्यापुढे ठेवावीत. या प्रश्नाच्या निरनिराळ्या अंगांविषयी उपलब्ध असलेली माहिती एकत्र मांडून पाहिली असता हे निदान टिकत नाही, असे माझे मत झाले आहे. आईचे धावणे चालू राहते की बंद पडते, हे तिच्या मनोनिग्रहापेक्षा घरच्या कारभारावर अधिक अवलंबून असते, आणि त्या कारभाराची तजवीज तिने एकटीने करावी ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. स्त्रीच्या शरीराला लांबचा पल्ला झेपणार नाही, या समजुतीवर अधिकृत मोहोर उठली ती आधुनिक काळात. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत जर्मनीच्या लीना राडके हिने जिंकली. तिच्यामागून धापा टाकीत आलेल्या मुलींची वर्णने वृत्तपत्रांनी अशी तिखटमीठ लावून छापली की ती शर्यत स्त्रियांना जी बंद झाली, ती १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. मॅरेथॉनचे दार तर १९८४ साली लॉस एंजेलिसला उघडले. मध्यंतरी, १९४८ साली लंडनमध्ये, हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कून या तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईने चार सुवर्णपदके मिळवली. घरी बसून मुले सांभाळावीत असा उपदेश करणारी पत्रे तिला आधी येऊन गेली होती, आणि ती सरावाला जाई तेव्हा मुले बरोबर घेऊनच जाई. आपल्याकडे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला स्वतंत्र भारतातर्फे ज्या पहिल्या स्त्रिया गेल्या त्यांत मुंबईची मेरी डिसोझा ही धावपटू होती. परंतु तिच्या मागे मध्यमवर्गीय घरांतून कोणी धावत सुटले नाही. जिचा दिवस पाणी भरण्यात, दळणकांडणात नाहीतर शेतात खुरपण्यात जातो तिला वेगळा व्यायाम कशाला, असा सवाल वडीलधारे करीत, आणि तो अगदीच अप्रामाणिक नव्हता. श्रावणातल्या मंगळागौरीला झिम्मा, फुगडी आणि पिंगा यांत रात्र जागवणाऱ्या मुलींच्या अंगी दमाची वाण नव्हती. ती मुभा मात्र वर्षाकाठी एखाद्या रात्रीची, आणि बहुधा नव्या लग्नाच्या पाच वर्षांपुरती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करताना स्त्रियांना वगळले नाही, हा अपवाद नोंदवण्याजोगा आहे.

शरीराच्या बाजूने पाहता या विषयात भाबडेपणा दोन्हीकडे आढळतो. सव्वा महिन्याची विश्रांती, शेकशेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू हा आपल्या घरांचा दस्तुर. तो संपला की बाळंतीण कामाला मोकळी झाली असे धरण्यात येते. उलट, परदेशी नट्यांची छायाचित्रे पाहून दीड महिन्यातच धावावयास निघणाऱ्या मुलीही भेटतात. २०१९ साली ब्रिटनमधील टॉम गूम, ग्रॉनिया डॉनेली आणि एमा ब्रॉकवेल या भौतिकोपचार तज्ज्ञांनी जी मार्गदर्शिका तयार केली तिचा सारांश असा की, प्रसूतीनंतर किमान तीन महिने धावू नये, आणि त्यानंतरही अर्धा तास भरभर चालणे, एका पायावर उभे राहणे, जागच्या जागी उड्या मारणे या गोष्टी वेदनेवाचून व ओटीपोटात जडपणा न जाणवता साधतात की नाही हे पाहूनच आरंभ करावा. येथे एक नाजूक बाब स्पष्ट लिहिली पाहिजे. खोकताना, शिंकताना किंवा धावताना लघवीचे थेंब जाणे हा बाळंतपणानंतर असंख्य स्त्रियांना होणारा त्रास आहे. त्यावर त्या भागाच्या स्नायूंच्या व्यायामांचा परिणामकारक इलाज आहे. परंतु ही गोष्ट पतीला नाही, आईला नाही आणि पुष्कळदा डॉक्टरीणबाईंनाही सांगितली जात नाही. स्त्री चार दिवस धावते, पाचव्या दिवशी गडद रंगाची विजार घालते, आणि पुढच्या आठवड्यात येईनाशी होते. मैदानावरच्या मैत्रिणी म्हणतात, तिचा उत्साह संपला.

अंगावर पाजणाऱ्या आईने व्यायाम केल्यास दूध आटते, ही भीतीही घरोघर आहे. कॅथरीन ड्यूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नियमित व्यायाम करणाऱ्या मातांच्या दुधात किंवा बाळांच्या वाढीत त्यामुळे काही उणे आढळले नाही. निघण्यापूर्वी बाळाला पाजून घ्यावे आणि परतल्यावर पाणी भरपूर प्यावे, एवढे व्यवहारज्ञान पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांनाही, वैद्यकीय अडचण नसल्यास, सांगतात. आणि उपकरणांचे म्हणाल तर धावणाऱ्या स्त्रीच्या छातीला आधार देणारी खास चोळी १९७७ पर्यंत कोणाला सुचली नव्हती. व्हरमाँटमधल्या तीन बायकांनी ती प्रथम शिवली, तीही पुरुषांच्या खेळातले दोन लंगोट एकत्र जोडून.

महाराष्ट्रापुरती याहून मोठी बाब रक्ताची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के, आणि महाराष्ट्रात ५४ टक्क्यांच्या आसपास, रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे पहाटे मैदानावर दहा जणी जमल्या तर त्यांतल्या निम्म्यांना दुसऱ्या फेरीतच जी धाप लागते ती आळसाची नसून हिमोग्लोबिनची असण्याचा संभव आहे. सर्वांची ताटे झाल्यावर उरलेल्या भाजीवर जेवणारी, गुरुवार, संकष्टी आणि एकादशी धरणारी, जेवणानंतर लगेच चहा घेऊन अन्नातले उरलेसुरले लोहही वाया घालवणारी स्त्री पाच किलोमीटरच्या मध्यावर थांबते, तेव्हा तिला जिद्दीचे धडे देणारा प्रशिक्षक स्वतःचेच अज्ञान प्रकट करीत असतो. बूट घेण्याआधी रक्त तपासून घ्यावे. बुटांच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे.

आता वेळेकडे वळतो, कारण सर्व वाटा अखेर तेथेच येतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणाप्रमाणे घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो, आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे; मुलांची व वृद्धांची देखभाल हे खाते निराळे, त्यात स्त्रियांची १३७ मिनिटे आणि पुरुषांची ७५. २०१९ चे आकडे यांहून फार वेगळे नव्हते. याच्या शेजारी जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा अंदाज ठेवावा: भारतात पुरेशी शारीरिक हालचाल न करणारे पुरुष ४२ टक्के, तर स्त्रिया ५७ टक्के. जी दिवसभर बसत नाही तीच अचल ठरावी, यात गणिताची चूक नाही. ओट्यापाशी तासन् तास उभे राहणे पायांच्या नावे खर्ची पडते आणि हृदयाच्या नावे जमा होत नाही.

डोंबिवलीच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरातली पहाट जवळून पाहावी. पावणेपाचचा गजर पहिल्याच ठोक्याला दाबला जातो, कारण शेजारी मूल झोपलेले. रात्री निवडून ठेवलेली गवार फोडणीला पडते, दुसऱ्या शेगडीवर कुकर चढतो, कणीक भिजवून झाकली जाते. साडेपाचला नळाला पाणी येते आणि सव्वासहाला जाते, तेव्हा पिंप, कळशी आणि बादल्या मोरीत ओळीने मांडलेल्या. यजमानांची लोकल सात वाजून काही मिनिटांची, तिच्याआधी दोन डबे भरून, पुसून, पिशवीत गेले पाहिजेत. पावणेसातला शाळेची बस, आणि तिच्याआधी वेणी, दूध, बुटांची नाडी आणि हरवलेली वही. यातून पाऊण तास काढावयाचा तो नेमका पाणी येण्याच्या वेळचा. म्हणून या घरात आई धावेल की नाही याचा निकाल तिच्या अंतःकरणात लागत नाही. नळापाशी यजमान किंवा सासूबाई उभ्या राहणार की नाहीत, यावर तो लागतो. ज्या बायका पाच-सात वर्षे टिकून धावत आल्या आहेत त्यांच्याशी बोलावे, म्हणजे बहुतेकींच्या बोलण्यात असा एखादा माणूस निघतो. कोठे पती डबे भरतो, कोठे दीर मुलांना बसवर सोडतो, कोठे सासरे दुधाच्या पिशव्या आणतात. एकीने मला सांगितले की तिच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी कपाळाला आठी घातली, दुसऱ्या दिवशी चहा केला आणि महिन्याभराने, 'आज उठली नाहीस ती?' असा तगादा लावला.

नोकरी करणाऱ्या आईचा हिशेब आणखी आवळलेला. प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली. परंतु हा कायदा मोलकरणीला, भाजीवालीला आणि घरी शिवणकाम करणारीला स्पर्श करीत नाही, आणि रजा संपल्यावर पहाटेचा तास कोठून आणावा हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

मानसशास्त्राने या प्रश्नाला जे दिले ते थोडे, पण मोलाचे आहे. मिशिगन विद्यापीठातील मिशेल सीगर यांच्या संशोधनाचा रोख असा की, वजन उतरवणे हा हेतू धरून व्यायाम करणाऱ्या मध्यमवयीन स्त्रिया, रोजच्या दिवसात बरे वाटावे या हेतूने करणाऱ्यांच्या मानाने, तो कमी करतात. कारण समजण्यासारखे आहे: वजनाचा काटा महिनोन् महिने हलत नाही, परंतु धावून आलेल्या सकाळी मुलांवर ओरडणे कमी होते याची प्रचीती त्याच दिवशी येते. लग्नसराईपुरते किंवा साडीच्या ब्लाउजपुरते ठरवलेले ध्येय लग्नाबरोबर संपते, हे आपल्याकडच्या कोणत्याही व्यायामशाळेचा चालक शपथेवर सांगेल. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या पाहणीत नवी सवय अंगवळणी पडावयास मध्यम मानाने ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली असे दिसले नाही. हा शेवटचा निष्कर्ष आयांना मुद्दाम वाचून दाखवावा असा आहे, कारण मुलाला ताप, पाहुणे, गौरी-गणपती, मे महिन्यातले माहेर आणि जुलैतला पाऊस ही खंडाची कारणे त्यांच्या पंचांगात आधीच लिहिलेली असतात. खंड पडणार हे गृहीत धरून ज्या स्त्रिया पुन्हा सुरू करण्याचा दिवस ठरवून ठेवतात त्या टिकतात; अखंडतेचे व्रत घेणाऱ्या पहिल्याच खंडाला थांबतात.

नवशिक्या माणसाला चालणे आणि धावणे आलटून-पालटून देत काही आठवड्यांत पाच किलोमीटरपर्यंत नेण्याचा जो क्रम आज जगभर चालतो तो जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ साली बसवला, आणि बसवताना त्याच्या डोळ्यांपुढे पन्नाशी ओलांडलेली स्वतःची आई होती. आठवड्यातून तीनच दिवस, एका वेळी अर्धा तास. म्हणजे चार दिवस आईला रजा. आपल्याकडच्या उत्साही प्रशिक्षकांनी पहिल्याच महिन्यात रोज हजेरीचा हुकूम काढण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

संगतीचे महत्त्व सर्वांनाच मान्य आहे, म्हणून त्यावर थोडेच लिहितो. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर 'उद्या ५.४०, गेटपाशी' एवढा मजकूर आला म्हणजे अंथरुणातून उठण्याचे अर्धे काम होते, कारण काळोखात एकटी मैत्रीण उभी राहणार ही टोचणी कोणत्याही सुविचारापेक्षा प्रभावी असते. शिवाय संगत ही लज्जेवरचा उतारा आहे. लहान गावांच्या मैदानांवर अजूनही असे दिसते की सून घरातून सलवार-कमीज आणि ओढणी घेऊन निघते, मैदानाच्या कोपऱ्यात कमीज काढून घडी करते, आतल्या टी-शर्टवर फेऱ्या मारते, आणि परतताना पुन्हा ओढणी घेते. एकटीला हे जमत नाही. चौघी असल्या की घड्या एकाच पिशवीत जातात. मिलिंद सोमण यांच्या आई उषा सोमण सत्तरी उलटल्यावर साडी नेसून अनवाणी मुलाबरोबर रस्त्याने धावल्या, त्याची चित्रफीत घरोघर पोहोचली. तिने सासवांच्या पिढीचे मन जेवढे वळवले तेवढे कोणत्याही आरोग्यपत्रकाने वळवले नसेल.

आदर्श मातांच्या कथा मात्र जपून वापराव्यात. पी. टी. उषा लग्न आणि मातृत्व यांनंतर परतून १९९८ साली फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत पदके मिळवती झाली. जमैकाची शेली-ॲन फ्रेझर-प्राइस आणि केनियाची फेथ किपयेगॉन या दोघी आई झाल्यावर पूर्वीहून अधिक वेगाने धावल्या. ब्रिटनच्या जास्मिन पॅरिसने २०१९ च्या जानेवारीत सुमारे ४३० किलोमीटरची डोंगरी शर्यत ८३ तासांत सर्वांआधी पुरी केली, आणि वाटेतल्या थांब्यांवर तान्ह्या मुलीसाठी दूध काढून ठेवले. या गोष्टी वाचून अंगावर रोमांच उभे राहतात हे खरे. परंतु या स्त्रियांच्या मागे प्रशिक्षक, वैद्य, भौतिकोपचारक आणि मूल सांभाळणारी माणसे होती हे वाक्य सांगणारा बहुधा गाळतो. त्यांनाही काही फुकट मिळाले नाही: अमेरिकेच्या ॲलिसन फेलिक्सने २०१९ साली जाहीर लेख लिहून प्रायोजक कंपनी गरोदरपणात मानधन कमी करू पाहते हे उघड केले, तेव्हा कोठे करारांत मातांना संरक्षण देणारी कलमे आली. लंडन आणि बॉस्टन येथील मॅरेथॉनांनी गरोदर व बाळंतीण स्त्रीचा प्रवेश पुढे ढकलण्याची सवलतही अगदी अलीकडे दिली.

आणि बारामतीच्या लता करे यांची गोष्ट तर मला आदर्श म्हणून सांगवतच नाही. साठी उलटलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत धावली आणि जिंकली, ती पतीच्या उपचारांना पैसे हवे होते म्हणून. तिच्यावर २०२० साली चित्रपट निघाला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्यासाठी तिचा विशेष उल्लेख झाला, सभांतून तिचे नाव घेऊन टाळ्या पडतात. तिच्या धैर्यापुढे नतमस्तक व्हावे; पण ज्या समाजात औषधपाण्यासाठी म्हातारीला शर्यत जिंकावी लागते त्याने तिच्याकडून स्फूर्ती घेण्यापूर्वी थोडी शरम घ्यावी.

राहता राहिला रस्ता. परदेशात १९८४ पासून मिळणारी, मुलाला पुढे बसवून ढकलीत धावण्याची तीनचाकी गाडी आपल्या पदपथांवर दहा पावलेही चालणार नाही. पुण्याला पर्वती आणि टेकड्या, मुंबईला शिवाजी पार्क आणि मरीन ड्राइव्ह, कोल्हापूरला रंकाळा, नागपूरला अंबाझरी, पणजीला मिरामार अशा जागा आहेत. पण पहाटे साडेपाचला तेथे दिवे लागलेले असतीलच असे नाही, भटकी कुत्री असतात, आणि बायकांचे स्वच्छतागृह असले तर त्याला कुलूप असते. पाळीच्या दिवसांत किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षात या कुलपाचा अर्थ काय होतो, ते बंदोबस्ताचे काम ज्यांच्या दफ्तरी आहे त्यांना कळत नाही, कारण त्या मेजांवर बहुतेक पुरुष बसतात.

म्हणून माझी विनंती आयांना नाही. त्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. विनंती नगरपालिकांना आहे की मैदानांचे दिवे पाच वाजता लावावेत आणि स्वच्छतागृहांची किल्ली पहारेकऱ्याकडे द्यावी. आणि विनंती हा लेख वाचणाऱ्या यजमानांना आहे: येत्या सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी नळाला पाणी येईल तेव्हा मोरीत आपण उभे राहावे, डबे आपण भरावेत, आणि ती परत आली म्हणजे किती किलोमीटर झाले हे विचारण्याआधी तिच्यासाठी चहा टाकावा.